सकाळी अकराचा समुद्र
(प्रस्तावना)

दौंड स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची, पाचशे मीटरच्या आसपासची. शाळेत असताना मला ही पाटी थट्टेची वाटायची. आमच्या वरवंडपासून समुद्र दीडशे किलोमीटरहून लांब. मध्ये पुणं, मध्ये सह्याद्री. निम्म्या गावाने तो पाहिलेलाही नव्हता. मग हा आकडा इथे कोणी आणि कुठून मोजत आणला?

उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळालं. भारतातल्या उंचींचा शून्य १९०९ साली ठरला, आणि तो नऊ बंदरांवरच्या भरतीमापकांच्या नोंदींवरून ठरला. त्यांतलं एक बंदर म्हणजे मुंबईचं अपोलो बंदर. तिथल्या समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत आणि हिंदी महासागराच्या काठावर इतकी जुनी नोंदमालिका क्वचितच सापडेल. पाणी वर येतं, खाली जातं. वर्षानुवर्षं तासातासाने ते लिहायचं, सरासरी काढायची आणि त्या सरासरीला शून्य म्हणायचं. दौंडच्या पाटीवरचा आकडा त्या शून्यापासून घाट चढून आलेला आहे. म्हणजे समुद्र आमच्या तालुक्यात पोचला होता, पण सरासरी होऊन. त्याचं रोजचं चढणं-उतरणं वाटेतच गळून गेलं होतं.

ही पुस्तिका त्या गळून गेलेल्या गोष्टीबद्दल आहे. उपग्रहाने टिपलेली किनाऱ्याची चित्रं आणि भरती-ओहोटीचं गणित यांची सांगड घालणारं मुक्त सॉफ्टवेअर आज कोणालाही फुकट मिळतं. ते काय करतं, कसं वापरायचं आणि कुठे फसवतं, हे मराठीत सांगण्याचा हा प्रयत्न. लिहिणारा माणूस ऊसपट्ट्यातला आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. कोकणातल्या वाचकाला माझं काही बोलणं पोरकट वाटेल. वाटलं तर कळवावं.

उपग्रहचित्रांशी माझी ओळख झाली ती गावच्या पाण्यावरून. वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव इंग्रजांच्या काळातला. कालव्याचं आवर्तन सुटलं की तो भरतो आणि उन्हाळ्यात कड सोडून आत सरकतो. पूर्वेला भिगवणकडे उजनीचं फुगवट्याचं पाणी उतरलं की मागे गाळपेराची जमीन उघडी पडते आणि लोक तिच्यात पिकं घेतात. हे सगळं वरून छान दिसतं. जानेवारीचं एक चित्र घ्यायचं, मे महिन्याचं एक घ्यायचं, पाण्याची कड दोन्हींत काढायची आणि शेजारी-शेजारी ठेवायची. किती पाणी गेलं ते समोर दिसतं. पाणी आणि जमीन वेगळी करायची रीतही सोपी आहे. पाणी हिरवा प्रकाश थोडा परत पाठवतं आणि अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा गिळतं. जमीन नेमकं उलटं वागते. या दोहोंच्या फरकावरून काढलेला निर्देशांक १९९६ पासून सर्रास वापरात आहे. तलावाच्या कामात मी एका गोष्टीकडे कधीच लक्ष दिलं नव्हतं, ती म्हणजे चित्र किती वाजता काढलं. द्यायची गरजच नव्हती. तलाव सकाळी सातला जेवढा असतो तेवढाच संध्याकाळी पाचला असतो.

हीच सवय घेऊन मी अलिबागच्या किनाऱ्यावर गेलो. म्हणजे संगणकावर गेलो. काही वर्षांच्या अंतराची दोन स्वच्छ चित्रं निवडली, कड काढली आणि समुद्र शंभरेक मीटर आत आल्याचं पाहून हादरलो. लगेच तक्ते केले, लाल रंगाने पट्टा भरला आणि चार लोकांना दाखवला. त्यांत आमच्याबरोबर काम करणारा रेवदंड्याचा एक मुलगा होता. त्याने चित्रांकडे पाहिलं आणि विचारलं, “सर, तिथी काय होती?”

आमच्याकडे तिथी लागते ती एकादशीला, नाहीतर तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामाला कधी येणार ते पाहायला. मी म्हटलं, “तिथीचं इथे काय?” त्याने दोन्ही तारखा दिनदर्शिकेत काढल्या. पहिलं चित्र सप्तमीचं होतं, दुसरं अमावास्येचं. मग तो हसला. “पहिल्यात सुकती आहे सर, दुसऱ्यात पूर्ण भरती. समुद्र कुठे आलाय? तो रोजच येतो.”

किनाऱ्यावरच्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेला एक हिशेब त्याने मला तेव्हा शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला. द्वितीयेला दीड वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, त्याचंच हे पाऊण. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या टापूत चांगला बसतो. दक्षिणेकडे मालवण-गोव्याला भरती लवकर येते, तेव्हा तिथे त्यातून काही वजा करावं लागतं. शिवाय तो ठोकळ आहे. २६ जुलै २००५ हा पौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. पाऊणपटीने भरती पावणेचारला यायला हवी होती; ती आली दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी, ४.४८ मीटरची. तासाभराची चूक. होडी लोटायला तेवढी चालून जाते, किनाऱ्याची रेघ मारायला नाही चालत.

चूक किती महाग पडते ते पाहा. समजा पुळण इतकी सपाट आहे की पन्नास मीटर चालल्यावर एक मीटर चढ लागतो. दोन चित्रांतल्या पाण्याच्या पातळीत अडीच मीटरचा फरक असेल तर पाण्याची कड सव्वाशे मीटर सरकते, आणि वाळूचा एक कणही हललेला नसतो. चिखलाची भाटी असेल तर विचारूच नका. शिवडीला रोहित पक्षी येतात तिथल्यासारख्या चिखलात चढ आणखी मंद. पाचशे मीटरला एक मीटर धरला तर तोच अडीच मीटरचा फरक सव्वा किलोमीटर होतो. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका दहा मीटरचा असतो, लँडसॅटचा तीस मीटरचा. म्हणजे ठिपक्याच्या बारकाव्यावर आपण डोळे फोडत बसतो आणि भरती-ओहोटीने त्याच्या दसपट घोळ आधीच घातलेला असतो. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायला गेलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. ओहोटीला तिथे चालत जातात, भरतीला होडीने. किल्ला बेट आहे की नाही, याचं उत्तर घड्याळावर अवलंबून आहे.

उपग्रहाच्या चित्राबरोबर तारीख येते, सेकंदापर्यंत वेळ येते, सूर्य किती अंशावर होता तेही येतं. समुद्र किती वर होता ते मात्र येत नाही. ते दुसरीकडून आणावं लागतं. पण कुठून? बंदरावरचा भरतीमापक फक्त बंदराचं सांगतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे भरतीचा पल्ला वाढत जातो. गोव्याला उधाणाच्या दिवशीही तो दोन मीटरच्या आसपास असतो, मुंबईत पाच मीटरच्या जवळ जातो आणि पुढे खंभातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्याही वर. अपोलो बंदराचा आकडा घेऊन डहाणूचं किंवा देवगडचं चित्र वाचायला बसणं म्हणजे पुण्याच्या पावसावर बारामतीची पेरणी करणं.

इथे गणित कामाला येतं. भरती-ओहोटी ही अनेक लाटांची बेरीज आहे आणि प्रत्येक लाटेला आपला ठरलेला फेरा आहे. चंद्राची मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची नेमकी १२ तासांची, शिवाय दिवसातून एकदाच येणाऱ्या काही, चंद्र जवळ-लांब जाण्याच्या काही. चंद्राची आणि सूर्याची एका सुरात आली की उधाण, एकमेकींच्या आड आली की भांग. एखाद्या ठिकाणी प्रत्येक लाट किती उंच आणि किती उशिरा येते एवढं कळलं की शंभर वर्षांपूर्वीची आणि शंभर वर्षांनंतरचीही पातळी काढता येते. लॉर्ड केल्व्हिन यांनी हे विश्लेषण उभं केलं आणि ती बेरीज करणारं यंत्रही घडवलं. चाकांवरून एकच तार फिरवलेली, प्रत्येक चाक एका लाटेच्या तालावर वरखाली होणारं, आणि तारेच्या टोकाला लेखणी. मोटेचा नाडा ज्याने पाहिला आहे त्याला हे लगेच समजेल. फक्त इथे एका नाड्यावर वीसेक चाकं. १८७९ मध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी असं एक यंत्र एडवर्ड रॉबर्ट्स यांनी तयार करून घेतलं. गंमत अशी की ते इथे आलंच नाही. मुंबईच्या कोळ्याच्या दारातला समुद्र लंडनमध्ये चाकं फिरवून काढला जायचा आणि छापील तक्ते होऊन बोटीने परत यायचा.

त्या यंत्राची नात आता माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. तिचं नाव ईओ-टाइड्स. जिओसायन्स ऑस्ट्रेलिया या ऑस्ट्रेलियातल्या सरकारी संस्थेत रॉबी बिशप-टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायथन भाषेत लिहिलेलं हे सॉफ्टवेअर. त्यावरचा शोधलेख २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पोटात भरतीचं गणित करणारं पायटीएमडी हे दुसरं सॉफ्टवेअर आहे, टायलर सटरली यांचं. तेही मुक्त. मुक्त म्हणजे फुकट एवढंच नाही. आतलं प्रत्येक सूत्र उघडून वाचता येतं, चूक दिसली तर दुरुस्त करता येते आणि आपल्या किनाऱ्यासाठी बदलून दुसऱ्याला देता येतं. लंडनच्या यंत्राची चाकं आतून कोणा कोळ्याने पाहिली नसतील.

सॉफ्टवेअर स्वतः समुद्र मोजत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवावं. तो मोजून ठेवलेला असतो जागतिक प्रारूपांत. १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन उपग्रह गेला आणि खुल्या समुद्राची उंची वरून मोजता येऊ लागली. तेव्हापासून ही प्रारूपं खरी जमली. फ्रान्सचं एफईएस, अमेरिकेतल्या ओरेगनचं टीपीएक्सओ, म्युनिकचं ईओटी-२०, अशी निरनिराळी घराणी आहेत. त्यांच्या फायली वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात, काहींसाठी नाव नोंदवावं लागतं, आणि त्या जड असतात. आमच्याकडे वीज आणि नेट यांचंही भरती-ओहोटीसारखंच असल्यामुळे सांगतो: जगाचं प्रारूप एकदा उतरवून त्यातून कोकणापुरता तुकडा कापून ठेवायची सोय ईओ-टाइड्समध्ये आहे. ती पहिल्याच दिवशी वापरा.

त्यानंतरचं काम दिसायला साधं आहे. शंभर चित्रं दिली की शंभरांच्या वेळा वाचून प्रत्येकावर त्या क्षणाची पातळी चिकटवली जाते. कडब्याच्या पेंड्यांना चिठ्ठ्या बांधाव्यात तसं. मग आपण म्हणू शकतो, मला फक्त मधल्या पातळीची चित्रं द्या, बाकीची बाजूला ठेवा. आता दोन वर्षांची तुलना खरी होते, कारण दोन्ही वेळी समुद्र एकाच पायरीवर उभा असतो. मोठ्या चित्रात एका टोकाला भरती लागलेली आणि दुसऱ्या टोकाला अजून चढत असलेली असते, म्हणून चित्राच्या प्रत्येक ठिपक्याची पातळी वेगळी काढायचीही सोय आहे. ऑस्ट्रेलियाने याच रीतीने १९८८ पासूनच्या दरवर्षीच्या किनाऱ्याच्या रेघा सबंध खंडाभोवती काढल्या, सगळ्या सरासरी समुद्रपातळीवर आणलेल्या. आणि भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्याची उंचीही काढली. ही कल्पना मला फार आवडते. पाणी वर चढताना प्रत्येक चित्रात कड थोडी वर सरकते आणि आपल्याला त्या क्षणाची पातळी ठाऊक असते, म्हणजे प्रत्येक कड ही आपोआप समोच्च रेषा झाली. कुणी चिखलात पाय न घालता भाटीचा उंचनकाशा तयार. यात कोस्टसॅटचा उल्लेख राहू नये. न्यू साउथ वेल्स विद्यापीठात किलियन व्होस यांनी २०१९ मध्ये पुढे आणलेलं हे साधन पुळणीची कड ठिपक्याहून बारीक काढतं आणि पुळणीच्या उतारावरून भरतीचा हिशेब चुकता करतं. पुस्तिकेचा निम्मा भाग त्यावर आहे, म्हणून इथे लांबवत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही प्रस्तावना लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

सेंटिनेल-२ आणि लँडसॅट हे सूर्याच्या घड्याळावर चालणारे उपग्रह आहेत. सावल्या सारख्या पडाव्यात म्हणून ते दरवेळी एकाच सौरवेळेला डोक्यावरून जातात. आपल्या घड्याळात अलिबागवर लँडसॅट अकराच्या सुमारास, सेंटिनेल अकरा-सव्वाअकराच्या सुमारास. वर्षानुवर्षं हीच वेळ. आणि पाऊणपटीचा हिशेब काय सांगतो? तिथी ठरली की भरतीची वेळ ठरली. दोन्ही एकत्र ठेवून पाहा. वेळ कायम अकराची, म्हणजे अकराला समुद्र कुठे असेल ते फक्त तिथीवर अवलंबून. अमावास्या-पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणून उपग्रहाला भरलेला समुद्र दिसतो. ओहोटी अकराच्या सुमारास येते ती सप्तमीला, म्हणजे भांगाच्या तोंडावर. तेव्हा पाणी फार लांब जातच नाही. समुद्र खरा लांब जातो तो उधाणाच्या सुकतीला, अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत, आणि ती सुकती येते सकाळी सहा ते आठच्या दरम्यान, नाहीतर संध्याकाळी. तेव्हा उपग्रह दुसऱ्याच मुलखावर असतो. उधाणाची सर्वांत मोठी भरतीही पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, दुपारी पाऊण ते दीडच्या सुमारास. तीही त्याच्या हातून निसटते.

म्हणजे हजार चित्रं गोळा केली, दहा वर्षं केली, तरी सर्वांत खालचा समुद्र मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर या उपग्रहांना दिसायचा नाही. ज्या खडकांवर बाया सकाळी कालवं काढायला जातात ते खडक चित्रात कायम पाण्याखाली. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मग ईओ-टाइड्सला विचारलं. त्यात यासाठीच एक हत्यार आहे: चित्रांच्या क्षणी दिसलेली पातळी आणि त्या काळात प्रत्यक्ष झालेली सगळी पातळी यांची तुलना करून ते सांगतं की भरतीच्या पल्ल्याचा किती हिस्सा तुमच्या चित्रांत आला, वरून किती कापला गेला, खालून किती. माझ्या टापूत खालून कापलेला भाग जास्त निघाला. रेवदंड्याच्या मुलाने बोटांवर सांगितलेलंच संगणकाने आलेख काढून सांगितलं.

हे नुसतं शास्त्राचं कुतूहल नाही. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत. मग २०११ आणि २०१९ ची सुधारित अधिसूचना. त्यांचा सगळा डोलारा भरतीरेषा आणि ओहोटीरेषा या दोन रेघांवर उभा आहे. उधाणाच्या भरतीला पाणी जिथवर पोचतं ती एक रेघ, आणि ओहोटीला जिथवर उतरतं ती दुसरी. मधला पट्टा वेगळ्या वर्गात. कोणाचं घर, कोणाची बोट ओढायची जागा, कोणाचं रिसॉर्ट नियमात बसतं ते त्यावरून ठरतं. त्या रेघा अधिकृतपणे आखण्याची वेगळी शास्त्रीय पद्धत आहे आणि तिच्याशी माझं भांडण नाही. पण हल्ली कुठल्याही वादात कोणीतरी फुकटचं उपग्रहचित्र छापून आणतो आणि “हे बघा, ओहोटीला पाणी इथे असतं” म्हणून बोट ठेवतो. ते पाणी सकाळी अकराचं असतं, एवढं तरी त्याला सांगता यावं.

रेघेचा विषय निघालाच आहे म्हणून. शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर पाठ केला. केंद्राच्या जुन्या नोंदीत तो ६५२.६ होता. नव्या मोजणीत तो ८७७.९७ झाला, आणि देशाचा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१. समुद्राने जमीन दिली नाही की घेतली नाही. जुनी रेघ मोठ्या ठोकळ नकाशावरची होती, नवी बारीक नकाशावरची. खाड्यांची वळणं आता मोजली गेली. ही मोजणीही उच्च भरतीरेषेवरूनच केलेली आहे, सुकतीची रेघ धरली असती तर आकडा पुन्हा वेगळा. किनाऱ्याचा आकडा दिसला की “कोणत्या पाण्याचा?” असं विचारायची सवय लागली तर या पुस्तिकेचं काम झालं असं मी समजेन.

काही खड्ड्यांबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण मी प्रत्येकात पडलो आहे. पहिला घड्याळाचा. उपग्रहाच्या चित्रावरची वेळ ग्रिनिचची असते, आपल्याहून साडेपाच तास मागे. भरती आणि ओहोटी यांत अंतर सव्वासहा तासांचं. घड्याळ बदलायला विसरलात तर भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी येते आणि आलेख इतका गुळगुळीत निघतो की शंका येत नाही. दुसरा शून्याचा. मुंबई महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचा इशारा देते तो आकडा बंदराच्या नकाशाच्या शून्यापासून मोजलेला, म्हणजे जवळजवळ नीचतम ओहोटीपासून. ईओ-टाइड्सचा आकडा सरासरी समुद्रपातळीपासून. दोहोंत मुंबईला सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. पेपरातला आकडा आणि संगणकाचा आकडा शेजारी ठेवून “प्रारूप चुकलं” म्हणून मी एक आख्खा आठवडा घालवला होता.

तिसरा खड्डा खोल आहे. हे गणित फक्त चंद्र-सूर्याचं. वारा त्यात नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं तेव्हा वाऱ्याने लोटलेलं पाणी कुठल्याच चंद्राच्या हिशेबात बसणारं नव्हतं. आणि मुळात जून ते सप्टेंबर उपग्रहाला कोकण दिसतच नाही. पालखी आमच्या गावात असते त्या दिवसांत आमचा तलावही दिसत नाही, नुसता ढग. कोकणातली पुळण पावसाळ्यात खरवडली जाते आणि दिवाळीनंतर हळूहळू परत भरते. उपग्रहाच्या हाती येते ती बहुतेक भरून आलेली पुळण. म्हणून देवबागसारख्या, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशा निमुळत्या गावाची वर्षाची सरासरी ठीक दिसली तरी तिथल्या माणसाच्या जुलैची कल्पना त्यावरून करू नये.

चौथा खाड्यांचा. जागतिक प्रारूपं उघड्या समुद्रात चांगली, ठाण्याच्या किंवा धरमतरच्या खाडीत शिरली की चाचपडतात. खाडीत भरती आपल्या चालीने चालते. गोव्यात मांडवी-झुआरीत ती चाळीसेक किलोमीटर आतपर्यंत फारशी न उतरता जाते, हे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अभ्यासातून दिसलेलं आहे. खाडीसाठी खाडीतलीच नोंद हवी. आणि इथे माझी तक्रार आहे. १८७८ पासून मोजणाऱ्या किनाऱ्यावर तासातासाची ताजी नोंद साध्या विद्यार्थ्याला सहज मिळायला हवी. मी एका कार्यालयात तीन पत्रं पाठवली. पोच आली. सॉफ्टवेअर मुक्त, चित्रं मुक्त. लँडसॅटची तर २००८ पासून सगळ्यांना फुकट. पण आपल्याच बंदरातल्या पाण्याची उंची अर्ज करून मागायची. परक्या देशातल्या माणसांनी आपली चाकं उघडी केली आणि आपण काठीवरच्या खुणा झाकून बसलो आहोत, असं मला स्पष्ट वाटतं.

यावर एक उपाय आहे आणि तो कोकणातल्या वाचकाच्या हातात आहे. जेट्टीच्या खांबावर रंगाने खुणा करा, दर दहा सेंटिमीटरला एक. महिनाभर भरतीच्या आणि सुकतीच्या वेळी पाणी कुठल्या खुणेला लागलं ते वेळेसकट वहीत लिहा. शाळेतली चार मुलं हे करू शकतात. ती वही ईओ-टाइड्सच्या आकड्यांशेजारी ठेवली की तुमच्या खाडीत प्रारूप किती चुकतं ते लगेच कळेल. वहीची रीत आणि तुलनेची आज्ञावली शेवटच्या प्रकरणात दिली आहे. अशा वह्या आल्या तर पुढच्या आवृत्तीत त्या गावांच्या नावांनिशी छापू.

पुस्तिकेच्या भाषेबद्दल थोडं. ‘स्प्रिंग टाइड’ला उधाण आणि ‘नीप’ला भांग हे शब्द किनाऱ्यावर आहेत, ते घेतले. ओहोटी आणि सुकती दोन्ही ठेवले. ‘पायथन’सारख्या शब्दांना जिथे प्रतिशब्द ओढूनताणून वाटले तिथे ते तसेच राहू दिले; पिक्सेलला मी ठिपका म्हणतो आणि मॉडेलला प्रारूप, कुणाला आवडलं नाही तर खोडावं. आज्ञावलीच्या ओळी मात्र जशाच्या तशा टंकाव्यात, त्यांत मराठी बाणा चालत नाही.

वाचायला सुरुवात करण्याआधी एवढं करा. आपल्या ओळखीच्या किनाऱ्याचं कुठलंही एक चित्र उघडा, त्यावरच्या वेळेत साडेपाच तास मिळवा, दिनदर्शिकेत त्या दिवसाची तिथी काढा, तिची पाऊणपट करा आणि पाणी चढत होतं की उतरत होतं ते पेन्सिलीने चित्राच्या कोपऱ्यात लिहा. मगच पहिलं प्रकरण उघडा.

वरवंड, ता. दौंड, जि. पुणे